दाभणमावशीचं बाइंडिंग

पुस्तकं शिवायच्या जाड सुईला दाभण म्हणतात. ती मावशीच्या हातात दिवसभर असायची, म्हणून लोक तिला दाभणमावशी म्हणत असावेत, असं नव्या माणसाला वाटायचं. तिच्याशी पाच मिनिटं बोलणं झालं की त्याचा गैरसमज दूर व्हायचा.

तिची बाइंडिंगची खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. एक खिडकी, एक लांब टेबल, चाक फिरवून दाबायचा लोखंडी प्रेस, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे आणि स्टोव्हवर खळीचं पातेलं. खळीला कीड लागू नये म्हणून ती त्यात मोरचूद घालायची, त्यामुळे तिची नखं कायम हिरवट-निळी. कोपऱ्यात कटिंग मशीनवर तिचा नवरा बसायचा. मशीनच्या आवाजाने आपले कान गेले असं तो सांगायचा. बायकोच्या तोंडाला कंटाळून त्याने ते स्वतःच घालवले, असं गल्ली सांगायची.

मावशी चौथीपर्यंत शिकलेली. वाचायची ती अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत. पण पुस्तक हातात घेतलं की ते कुणी किती वाचलंय हे तिला एका क्षणात कळायचं. पुस्तक टेबलावर उभं करून सोडून द्यायची. ते आपोआप जिथे उघडेल ते वाचणाऱ्याचं आवडतं पान. कोपरे मऊ झालेले, कडेला अंगठ्याचा काळा डाग, मध्येच बिस्किटाचा चुरा, एखादा केस, असं पुस्तक तिच्या लेखी जिवंत. कोरं करकरीत पुस्तक पाहिलं की तिच्या कपाळावर आठ्या चढायच्या.

आणि अशीच पुस्तकं घेऊन मोठी माणसं तिच्याकडे यायची. एका वकिलांनी दिवाणखान्यातल्या कपाटासाठी चाळीस खंड बांधून घेतले. त्यातल्या सहांची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती, छापखान्यातून आली तशी. मावशीने विचारलं, "पानं कापून देऊ का?" वकील म्हणाले, "त्याची काय गरज आहे?" एक डॉक्टरीणबाई तर पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या होत्या. याच रंगात बांधा म्हणाल्या. "आतलाही मजकूर त्याच रंगाचा करायचा का?" मावशीने विचारलं. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या नाहीत.

तिचा जीव रमायचा तो एकाच कामात. दरवर्षी मोठ्या सुट्टीत जवळच्या शाळेतून फाटक्या पुस्तकांची दोन पोती यायची. ती आली की मावशीच्या शिव्यांना ऊत यायचा. "हे बघा, मेल्यांनी पुठ्ठाच खाल्लाय! हे पुस्तक वाचलंय की यावर कुणी झोपलंय?" पण त्या दिवसांत ती कुणाला पोत्यांना हात लावू द्यायची नाही. अस्वलाने पोस्ट ऑफिस उघडल्याचं एक पुस्तक तिने बारा वर्षांत चार वेळा शिवलं. एका पुस्तकातल्या चेटकिणीच्या चित्राचं पान कुणीतरी चांगला पसाभर डिंक लावून पुढच्या पानाला चिकटवून टाकलं होतं. चेटकीण बाहेर येऊ नये म्हणून, आणखी कशाला! मावशीला ते वाफ देऊन सोडवता आलं असतं. तिने सोडवलं नाही. तसंच शिवलं.

मग शाळेत नवे मोठे सर आले.

त्यांचं पुस्तकांवर फार प्रेम होतं. तसं ते स्वतःच सांगायचे, आणि ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही सांगायचे. त्यांनी आल्या आल्या काचेची आठ कपाटं करून घेतली, त्यांना कुलपं लावली आणि किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. पुस्तक घरी नेणं बंद. आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गातल्या पाच मुलांनी हात धुवायचे, ते पालथे-उताणे करून दाखवायचे, आणि ताठ बसून वीस मिनिटं वाचायचं. हसायचं नाही. नंतर 'बोधपत्रक' भरायचं. त्यात दहा प्रश्न. पहिला प्रश्न, या पुस्तकातून कोणता बोध घेतला? दहावा प्रश्न, तो आचरणात कसा आणाल?

अस्वलाच्या पोस्ट ऑफिसातून काय आचरणात आणणार? पोरांनी वर्षभर डोकं खाजवलं आणि मग पाळी आली की पोटात दुखायला लागलं. शिक्षकांनाही पत्रकं तपासायचा कंटाळा आला. शेवटी फळ्यावर एक बोध लिहून दिला जायचा आणि सगळी शाळा तोच उतरवायची. किल्ल्या खिशातून बाहेर यायच्या थांबल्या. फायलीत मात्र पत्रकांचे गठ्ठे वाढत होते आणि मोठे सर सभांमधून आकडे सांगत होते.

इकडे मावशीकडे पहिल्या वर्षी एकच पोतं आलं. दुसऱ्या वर्षी अकरा पुस्तकं. तिसऱ्या वर्षी काहीच नाही.

तिला कामाची ददात नव्हती. कचेऱ्यांची रजिस्टरं, हजेरीबुकं, परीक्षेच्या वह्या, ढीग पडलेला असायचा. पण त्या सुट्टीत आणि शाळा पुन्हा भरल्यावरही ती सगळ्यांवर जरा जास्तच खेकसत होती. शेवटी नवराच म्हणाला, "अगं, जाऊन विचारून तरी ये."

"मी कशाला जाऊ? मला काय पडलंय?" ती म्हणाली, आणि चपला घातल्या.

मोठ्या सरांनी तिला पाहून आनंदाने दोन्ही हात पसरले. "या या बाई! मी तुम्हाला बोलावणारच होतो. तीन वर्षांत एक पान फाटलेलं नाही. एक! आहे कुठल्या शाळेत?"

"नाही हो सर," मावशी म्हणाली. "असं दवाखान्यात असतं. जिथे पेशंट येत नाहीत तिथे."

सरांना टोमणा लागायचा असेल तर तो भाषणाच्या शैलीत मारावा लागायचा. ते पुढे बोलत राहिले. वरच्या कार्यालयातले मोठे साहेब दोन महिन्यांनी येणार होते, आदर्श ग्रंथालयाचा गौरव करायला. त्याआधी सगळी पुस्तकं एकसारखी करून हवी होती. लालसर रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. "एका नजरेत भरली पाहिजेत. आणि बाई, एकदा बांधून आली की मग त्यांना कुणाचा हात लागणार नाही, याची जबाबदारी माझी."

मावशी व्हरांड्यात आली. काचेच्या कपाटापुढे सात-आठ पोरं गर्दी करून उभी होती. मध्ये एक चष्मेवाली मुलगी होती. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सगळे तिला चष्मिस म्हणत होते.

"आता तिसरं, निळं," एक टक्कल केलेला मुलगा काचेवर बोट आपटून म्हणाला.

चष्मिसने काचेला नाक लावून पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचलं आणि सुरू झाली. "बेटावरचा सुतार. तर एक सुतार असतो. त्याला सगळ्यांच्या खुर्च्या करून करून कंटाळा येतो. म्हणून तो बेटावर जातो. तिथे बसायला कुणीच नसतं..."

"खरंच असं आहे आत?" मावशीने मागून विचारलं.

पोरं दचकली. चष्मिसने तिच्याकडे वर पाहिलं. "माहीत नाही. आत काय आहे ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही. आम्ही पाठीवरून बनवतो." मग तिची नजर मावशीच्या निळ्या नखांवर गेली. "तुम्ही पुस्तकं शिवणाऱ्या मावशी ना? तुम्हाला आत हात घालू देतात?"

मावशीने आयुष्यात अनेकांचे पाणउतारे केले होते. त्या पोरीने काहीही टोचून न बोलता तिचा केला. आपण बाहेर आहोत आणि तुम्ही आत जाऊ शकता, एवढंच ती विचारत होती.

"देतात," मावशी म्हणाली, आणि उलट्या पावली मोठ्या सरांच्या खोलीत गेली. "सर, काम घेते मी. उद्या हातगाडी पाठवते."

दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीस पुस्तकं हातगाडीवर चढली. गाडी गल्लीत शिरली तेव्हा तिच्या मागे चष्मिस, तिची बोटभर धाकटी बहीण, टकल्या आणि आणखी पाचजण चालत होते. गाडी रिकामी झाली तरी ती दारातून हलेनात.

"काय पाहिजे?" मावशी गरजली.

"बघायला आलोय," टकल्या म्हणाला.

"बघायला सर्कस आहे का इथे? हात कसे आहेत?"

आठ जणांनी पालथे-उताणे हात पुढे केले. सवयच लागली होती त्यांना. धुळीने माखलेले, शाईने भरलेले हात.

"असू देत," मावशी म्हणाली. "माझे तरी कुठे चांगले आहेत? त्या गठ्ठ्यांवर बसा. मला काही विचारायचं नाही, आणि बोध घेतलेला मला खपणार नाही."

पुस्तक नव्याने बांधायचं तर आधी ते सोडवावं लागतं. जुना पुठ्ठा काढायचा, पाठीवरची वाळलेली खळ खरवडायची, दोरे कापायचे. मग त्याचे सोळा-सोळा पानांचे भाग सुटे होतात. पोरांच्या हाती पडले ते हे सुटे भाग. पहिल्या दिवशी जो गोंधळ झाला तो नवऱ्यालासुद्धा ऐकू गेला.

"माझा सुतार बुडतोय! पुढचा भाग कुणाकडे आहे?"

"थांब, मी वाचतोय. तो बुडत नाही."

"सांगू नकोस! कुणी सांगितलं तुला सांगायला?"

"अरे पण माझ्या भागात त्याला बायको आहे. मधेच कुठून आली ही?"

"ती माझ्याकडे आहे, तिसऱ्यात. ती आधी चोर असते."

चष्मिस मात्र कुणाशी बोलत नव्हती. तिला ज्या भागाची पाळी मिळेल तो ती वाचायची, मग आधीचा असो की नंतरचा. पाय वर घेऊन, तोंड थोडं उघडं ठेवून. चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर यायचा, पण तो वर ढकलायलाही ती हात मोकळा करायची नाही. मान मागे टाकून तशीच वाचत राहायची. एकदा ती इतकी हसली की गठ्ठ्यावरून खाली पडली, आणि खाली पडल्यावर उठायच्या आधी तिने पान उलटलं.

तिच्या धाकट्या बहिणीला वाचता येत नव्हतं. ती प्रत्येक कागदाचा वास घेऊन, हा गोड, हा आंबट, असा निकाल द्यायची.

मावशी शिवत बसायची आणि ऐकत राहायची. इतकी वर्षं तिने पुस्तकं पाहिली ती घडीपुरती. शिवताना भाग मधोमध उघडावा लागतो, तेव्हा समोर येणारी दोन पानं काय ती तिची. अस्वलाच्या गोष्टीतही ते तिकिटं चाटून चाटून आजारी पडतं, इथवरच तिला माहीत होतं. एका संध्याकाळी तिने चष्मिसला दरडावलं, "ए, ते अस्वलाचं पहिल्यापासून मोठ्याने वाच. शेवटपर्यंत."

चष्मिसने वाचलं. अस्वल बरं होतं, जंगलातले सगळे त्याला पत्रं पाठवतात, आणि तीही त्यालाच वाटावी लागतात.

"एवढंच?" मावशी म्हणाली.

"एवढंच," चष्मिस म्हणाली.

"मला वाटलं होतं ते पोस्टाला आग लावेल. मी असते तर लावली असती." ती पुटपुटत राहिली. पण दुसऱ्या दिवशी नवऱ्याला डबा देताना तिने अस्वलाची सगळी गोष्ट खाणाखुणांसकट सांगितली, आणि शेवट बदलून सांगितला.

पोरांची संख्या वाढून पंधरावर गेली. पंधरा दिवसांचं काम महिना झाला तरी संपेना. शाळेचा शिपाई दर दोन दिवसांनी यायचा.

"मावशी, मोठे सर विचारतात, कुठवर आलंय?"

"खळ ओली आहे, सांगा."

पुढच्या वेळी दोरा संपला होता. त्यानंतर रेक्झिनचा रंग उतरत होता. मग मशीनचं पातं धारेला गेलं. शिपाई बेरका होता; सगळं समजून तो चेहरा कोरा ठेवून निरोप न्यायचा. पुढे पुढे तोही जरा टेकायचा आणि एका दर्यावर्दी चोराच्या गोष्टीचे भाग क्रमाने वाचायचा. एकदा तर म्हणाला, "मावशी, आज खळ वाळली तर नाही ना? माझे अजून दोन भाग राहिलेत."

साहेबांच्या भेटीला चार दिवस उरले तेव्हा मात्र चिठ्ठी आली. परवा सकाळी पुस्तकं शाळेत पोहोचली नाहीत तर काम दुसऱ्याकडे जाईल आणि पुस्तकं शिपाई उचलून नेईल.

दोनशे पुस्तकं बांधून तयार होती. लालसर रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, एका रांगेत लावली की एखाद्या बँडपथकासारखी दिसत होती. उरलेली चाळीस सुटी होती आणि पोरांच्या मांडीवर होती. मावशीने चिठ्ठी वाचून दाखवली. कुणी रडलं नाही. चष्मिसने हातातला भाग नीट घडी घालून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आता परत पाठीवरूनच बनवायचं ना?"

पोरं गेल्यावर मावशी दाभणाच्या टोकाने टेबल टोचत बसली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या कारखान्याच्या हजेरीबुकाचे तिरपे छापलेले कागद पडलेत ना माळ्यावर? काढा."

"कशाला?"

"चाळीस पुस्तकं बांधायचीत."

नवऱ्याला या वेळी सगळं पहिल्या फटक्यात ऐकू आलं. "अगं, वेड लागलंय का तुला? उघडलं कुणी म्हणजे?"

"कोण उघडणार?" मावशी म्हणाली. "नाव सांगा. एक नाव सांगा, मी लगेच हा बेत सोडते."

नवऱ्याने विचार केला. मोठे सर, शिक्षक, कमिटीवाले, साहेब. मग तो निमूट माळ्यावर चढला.

दोन रात्री आणि एका दिवसात चाळीस पुस्तकं झाली. आत 'अनुक्रमांक, नाव, हजर, गैरहजर' अशा तिरप्या रेघांचे कागद. बाहेर रेक्झिन, आणि पाठीवर बेटावरचा सुतार वगैरे सोनेरी अक्षरांत. शिवण तिने तितकीच पक्की घातली. कामात तिने कधी हयगय केली नव्हती, ती आताही केली नाही.

गौरवाच्या दिवशी चष्मिसला साहेबांच्या मागे फुलांचा गुच्छ धरून उभं केलं होतं, कारण निबंधात तिचा पहिला नंबर आला होता. निबंधाचा विषय 'ग्रंथ हेच माझे मित्र'. शाळेत या मित्रांना तीन वर्षं तिने काचेतूनच पाहिलं होतं, पण निबंधात तशी सोय नव्हती.

मोठ्या सरांनी पाऊण तास भाषण केलं. पोरांनी वाचलेल्या पुस्तकांचा आकडा त्यांनी असा सांगितला की तो खरा असता तर पोरं जेवलीही नसती. मग साहेब उठले. त्यांना कपाटं दाखवण्यात आली. कुलूप उघडलं. साहेबांनी सोनेरी पाठींवरून बोट फिरवलं आणि "वा" म्हटलं. पुस्तक उचललं नाही.

तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, एखादं पुस्तक हातात घेऊन वाचताय असा एक फोटो होऊ द्या."

मोठ्या सरांनी हाताला लागेल ते काढून दिलं. साहेबांनी ते मधोमध उघडलं आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. मागे उभ्या असलेल्या चष्मिसला त्यांच्या खांद्यावरून पान स्वच्छ दिसलं. हजर. गैरहजर. हजर. गैरहजर. तिने गुच्छ तोंडापुढे धरला.

"जरा पान उलटताय असं, साहेब."

साहेबांनी पान उलटलं. नजर कॅमेऱ्यावर. मोठे सर शेजारी मान वाकवून उभे होते, पुस्तकात पाहतोय असं दिसेल इतपत. त्यांचीही नजर कॅमेऱ्यावर. तीन फोटो झाले. साहेबांनी पुस्तक मिटलं, पाठीवरचं नाव वाचलं आणि माईकजवळ जाऊन म्हणाले, "हे तर माझं लहानपणीचं अत्यंत आवडतं पुस्तक! आज पुन्हा चाळताना ते सगळे दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळेला गौरवपत्र मिळालं.

चष्मिस शाळा सुटल्यावर पळत पळत गल्लीत आली. धाप लागलेली, हसू आवरत नाही, सांगताना दोनदा तिचा चष्मा पडला. पोरं जमिनीवर लोळून हसली. नवराही खो खो हसला. मावशी तेवढी हसली नाही.

"पान उलटलं त्याने?" तिने विचारलं.

"हो."

"आणि काही बोलला नाही?"

"आवडतं पुस्तक म्हणाला."

मावशीने दोन दिवस मनातल्या मनात घोकून उत्तरं तयार ठेवली होती. मोठे सर लालबुंद होऊन येतील, मग त्यांना काय काय सुनवायचं, कुठल्या शब्दाला कुठला शब्द. सगळं वाया गेलं. तिला पकडायलासुद्धा कुणी आलं नाही. "माणसं इतकी गाढव असतील असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला होता. "मी आपली उगीच घाबरत होते."

खऱ्या चाळीस पुस्तकांना तिने मग साधे जाड पुठ्ठे घातले आणि खिडकीखाली मांडून ठेवली. पुढचं दीड वर्ष ती गल्लीतल्या पोरांनी वाचली, भिजवली, उशाला घेतली, त्यांवरून मारामाऱ्या केल्या. मावशी शिव्या देत देत ती शिवत राहिली. मोठ्या सरांना बढती मिळाली आणि ते वरच्या कार्यालयात गेले, इतर शाळांतल्या पुस्तकांवर प्रेम करायला.

त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच एका दुपारी त्या मावशीच्या दारात उभ्या राहिल्या. घामाघूम, पदर खोचलेला, हातात लाल पुस्तक.

"हे बाइंडिंग तुमचं?"

"माझं."

"आत हजेरीबुक आहे!"

मावशी उठून उभी राहिली. गिऱ्हाइकासाठी ती कधी उठत नसे. "तुम्ही उघडलंत?"

"म्हणजे काय? पुस्तक उघडणार नाही तर काय करणार? काल जेवणाच्या सुट्टीत वाचावं म्हणून घेतलं, तर हे! मग आठही कपाटं रिकामी केली. चाळीस निघाली!"

"बसा, बाई बसा," मावशी म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की स्टुलावरचे कागद तिने जमिनीवर ढकलून दिले. "अहो, चहा सांगा!" मग तिने सगळी हकिगत सांगितली, काचेपासून साहेबांच्या फोटोपर्यंत, चढवून रंगवून. नव्या बाई साहेबांच्या फोटोला हसल्या. पण हसू ओसरल्यावर त्यांनी खिडकीखालच्या पुस्तकांकडे पाहिलं.

"इथे किती मुलं येतात?"

"पंधरा. कधी वीस."

"शाळेत चारशे आहेत," नव्या बाई म्हणाल्या. "मोठ्या सरांनी कुलूप लावलं म्हणून तुम्ही त्यांना नावं ठेवता. तुम्ही काय केलंत? तुमच्या गल्लीतल्या पोरांना दिलीत, बाकीच्यांच्या वाट्याला हजेरीबुकं. पलीकडच्या वस्तीतली पोरं अजून काचेला नाक लावून उभी असतात. मी रोज बघते."

कटिंग मशीन थांबलं. नवरा मान खाली घालून पात्याकडे पाहत राहिला. सात-आठ तिखट शब्द मावशीच्या जिभेवर आले, पण त्यातला एकही या बाईंना लागू पडत नव्हता.

"हे मला सुचलं नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग आता सुचू दे," नव्या बाई म्हणाल्या, आणि चहा न पिता गेल्या.

"बोलते फार," त्या गेल्यावर मावशी म्हणाली. नवऱ्याने मशीन पुन्हा सुरू केलं.

पण तिने आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. चाळीसच्या चाळीस पुस्तकं सोडवून नव्याने शिवली, फाटक्या घड्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या. काही पानांवर पोरांनी पेन्सिलीने भांडणं लिहून ठेवली होती: 'सुतार मूर्ख आहे', 'तूच मूर्ख, पुढे वाच.' ती तिने खोडली नाहीत. गल्लीतली पोरं कुरकुरली. चष्मिस सोडून सगळी. चष्मिस आता मोठी झाली होती आणि तिच्याकडे एक जाड पुस्तक होतं. ते वाचता वाचताच तिने पुस्तकं गाडीवर चढवायला मदत केली आणि दोनदा खांबाला धडकली.

शाळेतली कपाटं उघडी होती. पलीकडच्या वस्तीतली पोरं चाळीस पुस्तकांवर अशी तुटून पडली की मावशी हातगाडीपाशीच उभी राहिली. एकही चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. एका बारक्या मुलाने अस्वलाचं पुस्तक छातीशी धरलं होतं आणि तो ते कुणाला देत नव्हता.

"काय रे, वाचता येतं का तुला?" मावशीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण हे माझं आहे."

"तुझं कसलं? शाळेचं आहे."

"आज माझं आहे," तो म्हणाला, आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून पुस्तक उघडलं. मावशी त्याच्या शेजारी जाऊन बसली, पिशवीतून चष्मा काढून लावला, निळं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि ओठ हलवत, अडखळत मोठ्याने वाचायला लागली. चार ओळींनंतर मुलगा म्हणाला, "जरा लवकर वाचा ना."

"गप्प बस," दाभणमावशी म्हणाली, "नाहीतर आग लावेन पोस्टाला," आणि पुढची ओळ वाचायला लागली.